आटे बसले म्हणजे जोड जुळला असे नव्हे

बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीनची काढणी आणि हरभऱ्याची पेरणी या दोन कामांमध्ये शेतकऱ्याच्या हाती फार थोडे दिवस असतात. वाळलेल्या शेंगा उन्हाने तडकू लागतात, परतीचा पाऊस आलाच तर उभ्या झाडावरचे दाणे डागाळतात आणि काढणी लांबली की हरभऱ्याला हवी असलेली जमिनीतली ओल उडून जाते. एके काळी ही सारी धावपळ माणसांच्या आणि बैलांच्या बळावर होत असे. आज घाटावरच्या चिखली-मेहकरपासून घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्यापर्यंत ट्रॅक्टरवरचा पलटी नांगर, मागे उलटणारी ट्रॉली, काढणीच्या हंगामात पंजाबकडून येणारे हार्वेस्टर आणि शेततळे खोदणारे जेसीबी यांच्यावर ती अवलंबून आहे. तलाव-नाल्यांतील माती-मुरूम काढून तो महामार्गाच्या भरावासाठी वापरण्याच्या ज्या पद्धतीला पुढे ‘बुलढाणा पॅटर्न’ हे नाव मिळाले, तीही अशाच यंत्रांच्या जोरावर उभी राहिली.

या सर्व यंत्रांत एक गोष्ट समान आहे. त्यांचा जोर तेलाच्या दाबातून येतो आणि तो दाब इंजिनाकडून अवजाराकडे नेते ती काळी रबरी नळी, म्हणजेच हायड्रॉलिक होज. यंत्राच्या किमतीपुढे या नळीची किंमत नगण्य. पण ती फुटली की लाखोंचे यंत्र बांधावर उभे राहते. नळी बदलणे वरकरणी सोपे वाटते. जुनी काढायची, तेवढ्याच लांबीची नवी आणायची आणि नट आवळायचे. घोटाळा होतो तो नळीच्या मधल्या भागात नव्हे, तर तिच्या दोन्ही टोकांना. टोकाला जे धातूचे जोड असतात, ज्यांना बाजारात सरसकट ‘फिटिंग’ म्हणतात, त्यांच्या अनेक जाती आहेत. त्यांतल्या काही एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की एकीचा नट दुसरीवर दोन-तीन फेरे सहज चढतो. येथेच फसगत होते. आटे बसले म्हणून जोड जुळला, असा समज करून घेतला जातो आणि तो समज शेतात, भर दाबाखाली खोटा ठरतो.

दाबाचा हिशेब

हा दाब किती असतो, याची कल्पना शहरातल्या वाचकाला एका तुलनेने येईल. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब सुमारे ३२ पौंड, म्हणजे सव्वादोन बारच्या आसपास असतो. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेत तो साधारणतः १५० ते २०० बारपर्यंत जातो. टायरच्या सत्तर ते नव्वद पट! अर्धा इंच पोकळी असलेल्या नळीत १८० बार दाब असेल, तर नळीच्या टोकाला जोडापासून दूर ढकलणारा जोर २३० किलोंच्या घरात जातो. दोन-तीन धडधाकट माणसे त्या जोडाला लोंबकळत आहेत असे समजावे. अवजार खड्ड्यात आदळले की क्षणभर हा जोर आणखी वाढतो. नुसते ‘घट्ट बसल्यासारखे वाटणे’ येथे का पुरत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

शिवाय आपल्याकडच्या अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते. गळणाऱ्या जोडातून केवळ लिफ्टचे तेल जात नाही, गिअरचेही जाते. आणि उघड्या जोडातून आत शिरलेली माती थेट यंत्राच्या पोटात जाते.

इतक्या जाती आल्या कुठून?

या गोंधळाचे मूळ शोधायला थोडे मागे जावे लागते. इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखाना आपापल्या मापाचे आटे पाडत असताना जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच माप सुचवले. त्याच्या आट्याच्या दोन उतारांमधला कोन ५५ अंशांचा होता. पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा पुढे केला. तो पाडायला सोपा होता. युरोप खंडात मिलिमीटरचे आटे रुळले. त्यांचाही कोन ६० अंशांचाच, पण अंतर इंचाऐवजी मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी यंत्रांचे बोल्ट एकमेकांना लागेनात, तेव्हा कुठे १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी बोल्टांपुरता एक समान आटा मान्य केला. नळजोडांचे आटे मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहिले. ब्रिटिश नळाचा आटा आजही ५५ अंशांचा आहे.

भारतीय शेतीत ही सगळी घराणी एकत्र आली. मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने ‘टाफे’ १९६० मध्ये चेन्नईत उभी राहिली. महिंद्राचा ट्रॅक्टर १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचे बोट धरून आला. आयशरचे मूळ जर्मन, एचएमटीचे चेकोस्लोव्हाकियातील झेटर. १९७४ चा स्वराज देशी आराखड्याचा. १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सच्या साथीने ब्रिटिश जेसीबी आली, १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळ सणसवाडीला अमेरिकी जॉन डिअर आली आणि २००८ मध्ये जपानी कुबोटाने भारतात आपली कंपनी काढली. ट्रॅक्टर कुठलाही असला, तरी त्यामागची ट्रॉली तालुक्याच्या गावातल्या वर्कशॉपमध्ये बनते आणि तिथे हाताशी असेल ते फिटिंग लागते. आपण दशमान पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये केला खरा. पण नळाच्या दुकानात आजही ‘पाव इंची’, ‘चार सुती’ हीच भाषा चालते. त्यामुळे एकाच ट्रॅक्टरवर स्टिअरिंगच्या नळीला मिलिमीटरचा आटा, मागच्या जोडाला ब्रिटिश आटा आणि भाड्याने आणलेल्या अवजाराला अमेरिकी आटा असणे अजिबात अशक्य नाही. म्हणूनच कंपनीच्या नावावरून फिटिंगची जात ठरवू नये. कंपनीच्या सुट्या भागांच्या पुस्तकातला क्रमांक हाती असेल तर उत्तमच. पण यंत्र जुने असेल आणि मधल्या काळात कुणी दुरुस्ती केली असेल, तर त्या पुस्तकावरही डोळे झाकून विसंबता येत नाही.

पहिला प्रश्न : तेल अडते कुठे?

फिटिंग ओळखताना बहुतेक जण आधी आटे पाहतात. खरे तर आधी पाहायला हवे ते तेल अडवणारी जागा. कित्येक जोडांत आट्यांचे काम केवळ दोन भाग एकत्र दाबून धरण्याचे असते; तेल अडवण्याचे काम दुसरीकडेच होते. या दृष्टीने पाहिले तर सगळ्या जोडांचे तीन गट पडतात.

पहिल्या गटात तेल खुद्द आट्यांतच अडते. हे आटे निमुळते असतात. जसजसा नट चढतो, तसतसे धातूवर धातू रुतत जाते. ब्रिटिश पद्धतीचा निमुळता आटा आणि अमेरिकी एनपीटी या गटात मोडतात. दोन्हींचा उतार सोळास एक, म्हणजे १६ मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरने वाढतो. टेफ्लॉन टेपची जागा असेल तर ती येथेच. बाकीच्या दोन गटांत टेप गुंडाळणे निरुपयोगी तर आहेच, शिवाय तिचा तुटलेला धागा तेलातून वाहत जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो.

दुसऱ्या गटात तेल अडते ते धातूच्या दोन शंकूंच्या मिलनात. एका भागाला पुढे आलेले नाक आणि दुसऱ्याला तेवढ्याच कोनाची खोबण. येथे आटे सरळ असतात. ब्रिटिश बीएसपी जोडात बाहेरून आटे असलेल्या नराच्या तोंडात आत खोलगट शंकू असतो. अमेरिकी जेआयसी जोडात नेमके उलट, नराचेच नाक पुढे आलेले असते. निव्वळ एवढ्या निरीक्षणाने अर्धे कोडे सुटते. जर्मन डीआयएन पद्धतीतही नराच्या तोंडात खोलगट शंकू असतो, पण तो अरुंद, २४ अंशांचा. आणि त्यात बसणाऱ्या नाकावर बहुधा रबरी कडी असते. जपानी जोडांपैकी काहींचे नाक जेआयसीसारखे दिसते, मात्र कोन वेगळा असतो. नाक आणि खोबण यांचे कोन जुळले नाहीत, तर संपूर्ण पट्ट्याऐवजी केवळ एका बारीक कडेवर स्पर्श होतो. असा जोड कार्यशाळेत कोरडा राहतो आणि दाब आला की पाझरू लागतो.

येथे भाषेचाही एक सापळा आहे. जेआयसीचा कोन ३७ अंश म्हणतात तो मध्यरेषेपासून एका बाजूचा. डीआयएनचा २४ अंश आणि बीएसपीचा ६० अंश हा मात्र दोन्ही बाजू मिळून. दुकानदाराने ‘तीसचा’ म्हटले आणि आपण ‘साठचा’ मागितला, तर दोघे एकाच वस्तूविषयी बोलत असण्याची शक्यता असते. नुसत्या आकड्यावर न थांबता जातीचे नाव घ्यावे, हे बरे.

तिसऱ्या गटात तेल अडवते ते रबर. ओआरएफएस या जोडात नराचे तोंड सपाट असते, त्यात एक गोल चर आणि चरात ओ-रिंग. ही ओळखण्यात चूक होण्यासारखी जात नाही. काही ठिकाणी आट्यांच्या मुळाशी ओ-रिंग असते, तर ब्रिटिश सरळ आट्याच्या मुळाशी धातूच्या कड्यात रबर बसवलेली चकती घालतात. दुकानात तिला डाउटी वॉशर म्हणतात. मोठ्या व्यासाच्या नळ्यांना चार बोल्टांची फ्लँज असते; तिथे आटे पाहण्याचा प्रश्नच येत नाही, बोल्टांमधले अंतर आणि फ्लँजच्या डोक्याचा व्यास मोजावा लागतो. या गटात गळती झाली की नट आणखी आवळण्यापेक्षा रबर बदलणे शहाणपणाचे. अर्थात, ती कडी त्याच मापाची आणि हायड्रॉलिक तेलात टिकणाऱ्या रबराची हवी. नळाच्या दुकानातली कोणतीही कडी चालत नाही.

दुसरा प्रश्न : एका मिलिमीटरमध्ये चार जाती

तेल कुठे अडते हे कळले की मग आट्यांकडे वळावे. त्यासाठी दोनच साधने लागतात. एक व्हर्नियर कॅलिपर आणि दुसरे आट्यांचे अंतर मोजणारे पिच गेज. नराच्या आट्यांचा बाहेरचा व्यास आणि मादीच्या आट्यांचा आतला व्यास मोजायचा, मग गेजची पाती आट्यांत बसवून उजेडासमोर धरायची. फटीतून उजेड दिसला नाही की अंतर जुळले.

केवळ व्यासावर विसंबणे किती घातक आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पाऊण इंची बीएसपी आट्याचा बाहेरचा व्यास २६.४४ मिलिमीटर. पाऊण इंची एनपीटीचा २६.६७. त्याच पोकळीच्या नळीला लागणाऱ्या जेआयसीचा २६.९९. आणि १८ मिलिमीटर नळीच्या डीआयएन हलक्या जोडाचा २६. तीन देशांच्या चार जाती आणि सगळ्या मिळून एका मिलिमीटरच्या आत! त्यात आटे झिजलेले असतील तर फक्त व्यास पाहून कुणालाही सांगता येणार नाही. पण एका इंचात आटे किती, हे मोजले की चित्र पालटते. जेआयसीमध्ये १२, बीएसपीमध्ये १४, तर दीड मिलिमीटर अंतराच्या डीआयएनमध्ये सुमारे १७. उरला एनपीटी. त्याचेही १४ च. येथे तिसरी कसोटी लावावी लागते. एनपीटी नेहमी निमुळता असतो आणि त्याचा कोन ६० अंशांचा, तर बीएसपीचा ५५ अंशांचा.

अर्धा इंची मापातही हीच जोडी फसवते. बीएसपीचा व्यास २०.९६, एनपीटीचा २१.३४, दोन्हींचे आटे इंचाला १४. निमुळत्या जाती घेतल्या तर एकीचा नट दुसरीवर चढतो, आवळला की घट्टही होतो आणि हाताला खात्री पटते. मात्र आट्यांच्या उतारांत पाच अंशांचा फरक राहिल्याने आतून एक बारीक नागमोडी वाट उघडी राहते. टेपने ती काही दिवस झाकली जाते, इतकेच.

आणखी एक गोष्ट नवख्याला चक्रावून टाकते. ‘अर्धा इंची’ बीएसपी फिटिंगवर अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर कुठेच सापडत नाही. ते नाव पूर्वीच्या लोखंडी नळाच्या पोकळीवरून पडले आहे, आट्याच्या व्यासावरून नाही. पट्टीने २१ मिलिमीटर भरले म्हणून कुणी ‘पाऊण इंची द्या’ असे सांगितले, की चुकीची वस्तू पदरात पडलीच म्हणून समजा. मादीचा आतला व्यासही अर्थातच कमी भरतो. याच अर्धा इंची बीएसपीचा तो १८.६ मिलिमीटरच्या आसपास असतो.

डीआयएन जोडांत याहूनही सूक्ष्म फरक आहे. तिथे हलकी आणि जड अशा दोन मालिका आहेत. १८ मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर अंतराचा तोच आटा हलक्या मालिकेत १२ मिलिमीटरच्या नळीसाठी असतो आणि जड मालिकेत १० मिलिमीटरच्या. व्यास तोच, आटे तेच, कोनही तोच. फरक फक्त शंकूच्या आतल्या भोकात. म्हणून या जातीत नळी बसते त्या भोकाचे माप घेतल्याशिवाय निर्णय देऊ नये. अमेरिकी घराण्यातही असाच प्रकार आहे. नऊ षोडशांश इंच व्यासाचा, इंचाला १८ आट्यांचा नट तीन सुती नळीच्या जेआयसीवरही असतो आणि पाव इंची नळीच्या ओआरएफएसवरही. एकाचे तोंड शंकूचे, दुसऱ्याचे सपाट. पुन्हा तोच पहिला प्रश्न : तेल अडते कुठे?

गेज हाताशी नसेल तर एक जुनी युक्ती उपयोगी पडते. ज्याची जात नक्की ठाऊक आहे असा नर घ्यावा आणि त्याचे आटे अनोळखी नराच्या आट्यांत आडवे अडकवून उजेडासमोर धरावेत. शेवटपर्यंत दात दातात बसले तर अंतर एकच. चार-पाच आट्यांनंतर ते सरकू लागले तर जात वेगळी.

नळीवर लिहिलेले वाचावे

टोके ओळखली तरी नळीचा प्रश्न उरतोच. चांगल्या नळीच्या अंगावर लांबभर एक ओळ छापलेली असते. तीत बनवणाऱ्याचे नाव, मानकाचा क्रमांक, पोकळीचे माप आणि बनवल्याची तिमाही व वर्ष असते. पोकळी बहुधा ‘डॅश’ आकड्यात सांगतात. हा आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग. डॅश चार म्हणजे पाव इंच, डॅश आठ म्हणजे अर्धा. आपल्याकडे इंचाचे आठ सूत मानतात, म्हणून डॅशचा आकडा निम्मा केला की सूत मिळते. डॅश आठ म्हणजे चार सूत, डॅश सहा म्हणजे तीन सूत. वर्कशॉपमधल्या कारागिराला हा हिशेब लगेच उमगतो.

नळीची ताकद तिच्या आतल्या पोलादी तारेच्या विणीत असते. एका विणीच्या नळीला युरोपीय मानकात १एसएन म्हणतात, दोन विणींच्या नळीला २एसएन. अर्धा इंची १एसएन नळी १६० बार कामाच्या दाबासाठी असते, तर २एसएन नळी २७५ बारसाठी. बाहेरून दोन्ही काळ्याच. ट्रॅक्टरचा दाब १८० बार असेल आणि स्वस्त पडते म्हणून एका विणीची नळी लावली, तर ती पहिल्याच दिवशी फुटणार नाही. कारण फुटण्याचा दाब कामाच्या दाबाच्या चौपट ठेवलेला असतो. पण तो चौपटीचा राखीव भाग धक्के, ऊन आणि वय यांच्यासाठी असतो, आपल्या काटकसरीसाठी नव्हे. शिवाय पोकळी वाढली की तीच वीण कमी दाब पेलते. पाऊण इंची १एसएनची मर्यादा १०५ बारवर येते. तेव्हा ‘जरा मोठी नळी लावली तर चांगलेच’ हा समजही खरा नाही. यंत्रणेचा कमाल दाब किती, हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत मिळते. मध्य प्रदेशात बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. तिच्या अहवालांतही हायड्रॉलिकची माहिती असते.

नवी नळी बनवून घेताना

जिल्ह्याच्या मोठ्या गावांत नळीला टोके दाबून देणारी यंत्रे असलेली दुकाने असतात. तिथे नळी तयार होत असताना चार गोष्टींकडे लक्ष असावे. कापलेल्या नळीच्या पोकळीत रबराची पूड आणि तारेचे कण राहतात; टोक बसवण्याआधी ती साफ व्हायला हवी. टोकावरची लोखंडी टोपी, म्हणजे फेरूल, त्या नळीच्या जातीसाठीच असावी आणि दाबल्यानंतर तिचा व्यास कॅलिपरने तपासावा. एक किंवा दोन्ही टोके वाकडी असतील तर त्यांच्यातला कोन जुन्या नळीशी पडताळून घ्यावा. नाही तर नळी पिळून बसवावी लागते आणि पिळलेली नळी लवकर जाते. लांबीही नेमकी हवी. दाबाखाली नळी किंचित आखडते, म्हणून ताणून बसवलेली नळी टोकाशी उपटते. फार लांब ठेवलेली कुठेतरी घासते.

दुसऱ्या जातीचे फिटिंग मिळालेच नाही, तर दोन जाती जोडणारा अडॅप्टर वापरावा. तो कायदेशीर लग्नासारखा आहे. प्रत्येक टोक आपल्याच जातीशी जुळते. नटावर टेप गुंडाळून, जास्त लांबीचा पान्हा लावून जुळवलेला जोड हा केवळ हंगामापुरता समझोता असतो आणि तो मोडतो तेव्हा बहुधा यंत्राच्या बाजूचे आटेही घेऊन जातो. नळी चुकली तर नळीच जाते. पंपाच्या किंवा व्हॉल्व्हच्या तोंडातले आटे गेले तर सगळा भागच बदलण्याची वेळ येते.

बोट नव्हे, पुठ्ठा

या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोठा धोका मात्र पैशाचा नाही. जोड कुठे गळतो आहे, हे पाहण्यासाठी अनेक जण चालू यंत्रावर नळीवरून हात फिरवतात. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारी तेलाची धार डोळ्यांना नीट दिसत नाही. पण ती कातडी भेदून आत जाते. जखम बारीक टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. म्हणून माणूस हात पुसून कामाला लागतो. दरम्यान तेल बोटातून तळहाताकडे पसरत जाते आणि आतले ऊतक मरू लागते. काही तासांत शस्त्रक्रिया करून तेल काढले नाही, तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. अशा जखमेला हळद लावून किंवा धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन घरी बसणे म्हणजे अवयवाशी खेळ. डॉक्टरांना ‘दाबाखालचे तेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले मोठे रुग्णालय, मग ते अकोल्याचे असो की छत्रपती संभाजीनगरचे, तातडीने गाठावे.

गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा जोडाजवळून फिरवावा. त्यावर तेलाचा ओरखडा उमटतो. जोड सोडण्याआधी अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे आणि हायड्रॉलिकचे दांडे पुढे-मागे करून नळीत अडकलेला दाब उतरवावा. उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू लावल्याशिवाय कुणीही शिरू नये. ट्रॉली वर धरून ठेवणारी वस्तू म्हणजे त्या नळीतले तेलच असते.

फोनवर काय विचारावे?

हंगामात गावाकडून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाला फोन येतो : ‘इथे मिळत नाही, तिकडे पाहा.’ अशा वेळी शहरातल्या माणसाने दुकानात धावण्याआधी पाच गोष्टी विचारून घ्याव्यात. तेल अडवणारी जागा कशी आहे, निमुळते आटे, आत खोलगट शंकू, पुढे आलेले नाक की सपाट तोंडात ओ-रिंग? आट्यांचा व्यास किती आणि तो नराचा की मादीचा? एका इंचात आटे किती? नळीवर काय छापले आहे? आणि नळीची लांबी व वाकड्या टोकांचा कोन काय? याच्या जोडीला कॅलिपर लावलेल्या स्थितीतले फिटिंगचे छायाचित्र मागवावे, समोरून एक आणि बाजूने एक. शक्य असेल तर जुनी नळीच दोन्ही टोकांसह बसने पाठवायला सांगावी. तिच्याइतका खरा साक्षीदार दुसरा नाही. फक्त एक खात्री करून घ्यावी, की ते टोक मूळचेच आहे, आधीच्या घाईत कुणी बसवलेले परके नाही.

ट्रॅक्टर आता एका घराचा राहिलेला नाही. शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांच्या अवजार बँकांमधून एकच नांगर, एकच ट्रॉली अनेकांच्या ट्रॅक्टरला लागते. प्रत्येक नव्या जोडणीबरोबर फिटिंगची जात बदलण्याची शक्यता वाढते. अशा बँकेने प्रत्येक अवजाराच्या नळ्यांची जात, माप, दाब आणि बदलल्याची तारीख एका वहीत लिहून ठेवली आणि नळीच्या टोकाला धातूची लहान चकती अडकवली, तर ऑक्टोबरमधल्या धावपळीत निम्मा शोध वाचेल. त्यासाठी लागणारे कॅलिपर आणि पिच गेज एका फुटलेल्या नळीमुळे वाया जाणाऱ्या दिवसापेक्षा स्वस्त पडतात. ती साधने वापरण्याची वेळ मात्र हंगामाच्या आधी, उन्हाळ्यात, यंत्र सावलीत उभे असतानाची. भर शेतात, ढग दाटून आलेले असताना, कुठलाही नट बसल्यासारखाच वाटतो.